दुर्गाघाटावरचा फेर

आमच्या दुर्गाघाटावरचा भोंडला बंद पडला तो माझ्यामुळे. हे मला कोणी तोंडावर सांगितलं नाही. काशीतली मराठी माणसं असलं काही तोंडावर सांगत नाहीत, पाठीमागे बोलतात आणि समोर चहा विचारतात. त्यामुळे तीसेक वर्षं मी गल्लीभर चहा पीत हिंडले आणि भोंडला टीव्हीमुळे बंद पडला, दुर्गापूजेच्या मांडवांमुळे बंद पडला, पोरींना मराठी येत नाही म्हणून बंद पडला, असं भेटेल त्याला सांगत राहिले. सगळे माना डोलवायचे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

झालं होतं ते असं. मी नाशिकची. मराठी घेऊन एम.ए. केलेली, आणि त्याचा तोरा लग्नानंतरही न उतरलेली. आमचे हे बँकेत होते आणि त्यांचं घराणं कित्येक पिढ्या काशीत. घरात सगळे मराठीच बोलायचे, पण मला ती मराठी वाटायचीच नाही. 'परेशान' काय, 'फटाफट' काय, 'जरा दरवाजा लोटून दे' काय. सासूबाई भाजीत मीठ 'ज्यादा' झालं म्हणायच्या, तेव्हा मी मनातल्या मनात 'जास्त' म्हणून घ्यायची. शाळेत नोकरी लागायच्या आधीच मी घरात मास्तरीण होऊन बसले होते.

घटस्थापनेपासून गल्लीतल्या छोट्या गणपतीच्या देवळाच्या अंगणात भोंडला असे. मधोमध पाटावर हत्ती काढायचा, हात धरून त्याच्याभोवती फिरायचं, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढवत न्यायचं आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखायची. गाणी सुरू करायच्या त्या आत्याबाई. त्या माझ्या कोणी आत्या नव्हेत. वैदिकांच्या घरातल्या, लग्न होऊन ह्या गल्लीतून पलीकडे ब्रह्माघाटाच्या गल्लीत गेलेल्या, म्हणून सगळ्यांच्याच आत्याबाई. तेव्हा पन्नाशीच्या होत्या. आवाज असा की खाली घाटावरचा नावाडी मान वर करून बघायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या नवरात्रात त्यांनी सून माहेरी निघते ते गाणं धरलं. आमच्या नाशकात ती सून बैलगाडीतून जाते. आत्याबाईंची सून घाटाच्या पायऱ्या उतरली, नावाड्याला दटावून नावेत बसली आणि वाटेत रामनगरला थांबून तिने कचौडी खाल्ली. बायका खिदळत होत्या, फेराला रंग चढला होता. मी फेर थांबवला. म्हटलं, "आत्याबाई, हे असं नाहीये. मूळ गाण्यात बैलगाडी आहे. नाव कुठून आली? आणि कचौडी तर नाहीच नाही."

'मूळ गाण्यात' हे मी कोणत्या सुरात म्हटलं असेल ते मला अजून ऐकू येतं. आत्याबाई रागावल्या नाहीत. "असं का? मग तू म्हण," एवढंच बोलल्या आणि हात सोडवून पायरीवर जाऊन बसल्या. आणि मी म्हटलं की! नाशिकचं अख्खं गाणं, अस्खलित, न अडखळता. मनात म्हणाले, चला, आज ह्या लोकांना काहीतरी शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि मग ते दर नवरात्रात दुखत राहिले. गाणी सुरू करायला मी होते, पण माझ्यामागून म्हणायला बायका बिचकायच्या. न जाणो, मी तिथल्या तिथे चूक काढली तर! दर वर्षी चार-दोन हात कमी होत गेले आणि एका वर्षी हत्तीभोवती आम्ही तिघीच उरलो. त्यानंतर पाट माळ्यावर गेला.

माझी मुलगी डॉक्टर झाली आणि तिने नोकरी पत्करली ती थेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला, समुद्रातल्या एका छोट्या बेटावर. आमच्या एका गल्लीत जेवढी माणसं राहतात तेवढीच त्या अख्ख्या बेटावर. औषधालासुद्धा झाड नाही. मेंढ्या, दगडी भिंती आणि वारा. बोट आली तर आली. वाऱ्यामुळे नाही आली की दुकानातलं दूध संपतं, आणि मग ज्याच्याकडे असेल तो शेजाऱ्याच्या ओट्यावर बाटली ठेवून जातो. घराला कुलूप लावायची पद्धतच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी तिथे तीन महिने राहिले.

पहिल्याच रविवारी मी धुणं वाळत घातलं. तिकडचे लोक रविवार इतका कडक पाळतात की आमच्या सासूबाईंचं सोवळं त्यापुढे ढिलं म्हणावं. त्या दिवशी दोरीवर रुमालसुद्धा दिसता कामा नये, आणि माझी नऊ वार साडी दिवसभर वाऱ्यावर फडफडत होती. बेटावरच्या प्रत्येकाने ती पाहिली. चकार शब्द कोणी काढला नाही. सोमवारी सकाळी शेजारची म्हातारी केक घेऊन आली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि जाता जाता म्हणाली, "धुण्याला सोमवार फार छान असतो, नाही?" मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी तिला दुसरा चहा करायला थांबवून घेतलं.

ती म्हातारी ऐंशीच्या घरातली. नातवाशी त्यांच्या जुन्या भाषेत बोलायची आणि नातू इंग्रजीत उत्तर द्यायचा. हे मला कोणी समजावून द्यायला नको होतं. आमच्याकडे आजी मराठीत विचारते आणि नात हिंदीत सांगते. मुलं उरली नाहीत म्हणून बेटावरची शाळा बंद झाली होती. तिच्या एका वर्गात दर गुरुवारी दुपारी माणसं जमायची. कोणी जुने फोटो आणायचं, कोणी विळे, कोणी आजोबांचं जाळं. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याचं नाव लागेपर्यंत कोणी उठायचं नाही. एका फोटोतल्या एका गाईचं नाव काय ह्यावर दोन आठवडे वाद चालला होता. मी त्यांच्यात जाऊन बसायची, कप विसळायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला माझी हक्काची खुर्ची दिली.

जुलैत एकदा त्यांनी कापड ठोकलं. पूर्वी घरी विणलेलं लोकरीचं कापड आटून घट्ट व्हावं म्हणून गावच्या बायका ते ओलं करून लांब टेबलाभोवती बसायच्या आणि तालात आपटायच्या. आता कापडं गिरणीतून येतात, पण वर्षातून एकदा सभागृहात टेबल मांडतात. दहा-बाराजणी बसल्या, मलाही बसवलं. कापड ठोकायचं आणि सरकवत शेजारणीकडे द्यायचं, तेही सूर्य फिरतो त्याच दिशेने, आपल्या प्रदक्षिणेसारखं. उलटं गेलं तर अपशकुन. एकीने गाणं सुरू करायचं, बाकीच्यांनी धरायचं. माझी शेजारीण म्हातारी सुरू करत होती. शब्द मला एकही कळत नव्हता, पण चौथ्या ओळीला मी पालुपद म्हणायला लागले होते. हाताचा ताल, शेजारणीचा खांदा, मधूनच सगळ्यांचं हसणं. 

समोर बाहेरून आलेली एक तरुण मुलगी बसली होती, अभ्यासासाठी आलेली, वही घेऊन. ती मधेच म्हणाली की जुन्या ध्वनिमुद्रणात हे कडवं वेगळं आहे, इथे दुसऱ्या माणसाचं नाव येतं. म्हातारीचे हात थांबले नाहीत. ठोकता ठोकताच ती म्हणाली, "कापड टेबलावर असेपर्यंत चूक काढायची नाही. कापड खराब होतं." मुलीने वही खाली ठेवली आणि मुकाट्याने ठोकायला लागली. मी मात्र थांबले. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आले.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मी विचारलं, "कापड खरंच खराब होतं का हो?"

"कापडाला काय धाड भरते?" असंच काहीतरी ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "गाणारी खराब होते. एकदा गप्प बसली की पुन्हा तोंड उघडत नाही."

मी घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. आत्याबाईंचं, नावेचं, पायरीवर जाऊन बसण्याचं. म्हटलं, मला आत्ता कळतंय की भोंडला मी बंद पाडला. मुलगी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, हे मला दुसरीत असल्यापासून माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे." त्या रात्री मी ठरवलं की येत्या नवरात्रात आत्याबाईंनी फेरात उभं राहून गाणं सुरू केलं पाहिजे. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

आता एवढं शिकून आल्यावर एखादी शहाणी बाई सरळ आत्याबाईंच्या घरी गेली असती. पण मी पडले मास्तरीण, आणि आमची गल्ली पडली पंडितांची. इथे काहीही करायचं म्हटलं की आधी पोथी लागते. मी गाण्यांचं पुस्तक करायचं काढलं. माळ्यावरच्या वह्या उतरवल्या, बायकांना फोन केले. शेजारी एक निवृत्त संस्कृतचे प्राध्यापक राहतात, त्यांना नजरेखालून घालायला दिलं. त्यांना तर हर्षवायूच झाला. म्हणाले, "वहिनी, हे शास्त्रशुद्ध झालं पाहिजे. मूळ संहिता वर, पाठभेद खाली तळटिपेत." आठवडाभर ते आणि मी जेवणखाण विसरून बसलो होतो. सासू आधी रागावते की नणंद, आणि सून कारल्याची भाजी खाते की फक्त वाढते, ह्यावर आमची दोनदा वादावादी झाली. शेवटी चाळीस प्रती निघाल्या, गुलाबी मुखपृष्ठाच्या. वर नाशिकची गाणी. आत्याबाईंची गाणी खाली बारीक अक्षरांत, 'काशीतील पाठभेद' म्हणून.

हे लिहितानासुद्धा माझा हात कपाळाकडे जातो. बेटावरून मी धडा शिकून आले होते आणि येताच तीच चूक छापून काढली होती, तीही चाळीस प्रतींत.

घटस्थापनेच्या दिवशी अकराजणी आल्या. हत्ती काढला, दिवा लावला, पुस्तकं वाटली. मी म्हटलं, धरा फेर. फेर धरायला हात लागतात हे प्राध्यापकांच्या आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका हातात पुस्तक, दुसऱ्याने चष्मा सावरायचा, हात धरायचा कोणाचा? दोघी-तिघींनी पुस्तक दातांत धरून पाहिलं. गोल काही जुळेना. त्यातून एक वरचं वाचतेय, दुसरी तळटीप, तिसरीचं पान उलटलेलं. पहिलंच गाणं तीन ठिकाणी संपलं. बायका आधी हसल्या, मग कंटाळल्या, खिरापत न ओळखताच खाऊन घरी गेल्या. मी एकटी पाट पुसत बसले.

आत्याबाईंना मी एक प्रत त्यांच्या सुनेबरोबर पाठवली होती. ती त्याच संध्याकाळी परत आली. सून ओशाळून म्हणाली, "काकी, सासूबाईंनी सांगितलंय, मी इतकी बारीक नाही म्हणावं."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ह्यांनी विचारलं, "जाऊ का मी तुझ्याबरोबर?" म्हटलं, नको, हे माझं मलाच निस्तरू द्या.

आत्याबाई तिसऱ्या मजल्यावर गंगेकडच्या खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर ताटली, हातात अडकित्ता, सुपारी कातरणं चाललं होतं. पूर नुकताच ओसरलेला, खाली घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ पाण्याच्या पाइपाने धुवत होते. मला पाहून त्या म्हणाल्या, "ये, बस. किताब घेऊन आलीस की तशीच?"

"तशीच."

"मग ठीक आहे. बोल."

वाटेत जुळवलेली वाक्यं ऐन वेळी एकही आठवेना. म्हटलं, "आत्याबाई, मी चुकले. त्या नवरात्रात मी तुम्हाला मधेच अडवलं."

"कोणत्या नवरात्रात?"

"नावेच्या."

अडकित्ता थांबला. "इतक्या सालांनी तुला टाईम मिळाला?"

"अक्कल आत्ता आली. त्याला मी काय करू?"

"मग पूरं बोल. अर्धं सोडू नको."

मी पूरं बोलले. आपल्याला फार येतं असं वाटायचं, हे बोलले. तुमच्या आवाजाचा हेवा वाटला होता, हेही बोलले. ते तोवर मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता रडू आलं, आणि आत्याबाईंनी काही न म्हणता ताटली माझ्याकडे सरकवून सुपारी दिली. सुपारी चघळत रडता येत नाही, ही त्यांची जुनी युक्ती असावी. मग विचारलं, "ही अक्कल दिली कोणी?"

मी बेटाचं सांगितलं. लांब टेबल, ओलं कापड, ताल धरून ठोकणाऱ्या बायका.

"कपडा आपटतात? धोबिणी आहेत का?"

"नाही हो, घरच्याच बायका. लोकर आटून घट्ट व्हायला हवी ना."

"गरम पाण्याने?"

आता खरं सांगावं की नाही, मला कळेना. पण पूरं बोल म्हणाल्या होत्या. "पूर्वी मूत घालायच्या. घरोघरचं साठवून."

"गाईचं?"

"माणसांचं."

आत्याबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "राम राम! आणि त्याच्यावर गाणं?"

"गाणं."

त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे, मग पोट, मग आवाज. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ठसका लागला, सून पाणी घेऊन धावत आली. तिला सांगायला जावं तर दोघींना शब्द फुटेना. "आणि आम्ही," श्वास घेत त्या म्हणाल्या, "आम्ही सोवळ्यात बाजारची वेणी चालते की नाही त्याच्यावर झगडत बसलो!" जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग तिथली बुढी काय म्हणाली होती?" मी म्हातारीचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. 

"आज नाही, उद्या पाच वाजता फेर आहे," मी म्हटलं.

"गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "आता सचमुच दुखतात. तेव्हा नव्हते दुखत." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या. मी जिना उतरले. येते म्हणाल्या नव्हत्या, येत नाही असंही म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी गल्ली पालथी घातली. गुलाबी पुस्तकं परत गोळा केली. ह्या वेळी फक्त मराठी घरांवर थांबले नाही. कोपऱ्यावरच्या बंगाली बाई, दूधवाल्याच्या दोघी सुना, गच्चीवर पतंग उडवत एकमेकींना शिव्या देणाऱ्या कॉलेजच्या पोरी, सगळ्यांना म्हटलं, पाच वाजता देवळात या. एका पोरीने विचारलं, "काकी, हमको तो मराठी ठीक से आती नहीं. गलती हो गई तो?" मी म्हटलं, "गलती निकालने वाली अब रिटायर हो गई."

पाच वाजता अंगण भरलं होतं. हत्ती ह्या वेळी दूधवाल्याच्या धाकट्या सुनेने काढला, सोंड जरा जाड झाली, झोकात दिसत होता. सव्वापाच झाले. आत्याबाई नाहीत. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी गल्लीच्या वळणाकडे. साडेपाचला प्राध्यापक म्हणाले, "वहिनी, तोवर तुम्हीच एखादं घ्या." मी म्हटलं, नाही. एवढं तुटक म्हटलं की ते दोन पावलं मागे सरकले.

मग वळणावर काठीचा आवाज आला. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, रिक्षा येत नाही. ब्रह्माघाटाकडून येणारी प्रत्येक पायरी त्या चढून-उतरून आल्या होत्या, दर ओट्यावर टेकत. मागून सून 'सासूबाई, हळू, हळू' करत होती. जांभळी साडी नेसल्या होत्या, केसांत गजरा. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी प्राध्यापकांच्या हातात दिली, "धरून ठेव, जाऊ नको कुठे," असं त्यांना बजावलं, आणि माझा हात धरून फेरात उभ्या राहिल्या.

सुरू केलं ते नावेचंच. पहिली ओळ चिरकली. दुसरीला आवाज खाली घसरला. तिसरीला तो सापडला, जुना नव्हे, जाडसर, खरखरीत, पण भरलेला. बायकांनी उचललं. सून घाटाच्या पायऱ्या उतरली, नावेत बसली. कॉलेजच्या पोरींना अर्धे शब्द कळत नव्हते, ओळीचा शेवट तेवढा त्या जोरात ओढत होत्या. रामनगर आलं. कचौडी आली आणि सगळं अंगण खदखदलं. आणि तिथेच आत्याबाई थांबल्या.

पुढचं आठवेना. त्यांचा हात माझ्या हातात होता, तो थंड पडायला लागलेला मला कळला. पावलं मंदावली. पुढची ओळ मला येत होती. माझ्या जिभेच्या टोकावर होती, अस्खलित. तिकडे काठी धरून उभ्या प्राध्यापकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी ते मिटलं. मी ओठ दाबून नुसती पावलं टाकत राहिले, एक, दोन, एक, दोन, आणि माझ्याबरोबर सगळ्या. कोणी काही सुचवलं नाही. पायांचा ताल तेवढा चालू राहिला. इतकं घाबरून मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल.

मग आत्याबाईंचा हात घट्ट झाला. त्यांनी नाव रामनगरहून पुढे हाकली. पटना गेलं, कलकत्ता गेलं, नाव समुद्राला लागली, जिथे झाड नाही अशा बेटावर पोचली. तिथे म्हणे गोऱ्यागोऱ्या सासवा टेबल मांडून कपडा आपटतात. आणि कशात भिजवून आपटतात, तेही त्यांनी पुढच्या ओळीत सांगून टाकलं! जे हसू फुटलं त्याने देवळावरची माकडं पळाली. बंगाली बाई पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. "ए आजी, फिर से, फिर से!" पोरी ओरडल्या, आणि आत्याबाईंनी ते कडवं पुन्हा म्हटलं, आणखी तिसऱ्यांदा म्हटलं. खिडक्यांतून बघणाऱ्या बायका खाली उतरल्या. अंगणात मावेनात म्हणून फेर तुटून दोन झाले, आतला एक, बाहेरचा एक, आणि बाहेरचा दारातून गल्लीत गेला आणि पुन्हा आत आला. मी घसा ताणून गात होते. नावेचं, कचौडीचं, बेटाचं, सगळं. आनंद इतका की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

खिरापत ओळखून, वाटून झाली तेव्हा आत्याबाई शेवटी खुर्चीत बसल्या. घामाने गजरा चिकटला होता. मी त्यांच्यापुढे वाटी धरली. त्या म्हणाल्या, "उद्या तू सुरू कर. मी मागून म्हणते."

"मी? नको, आत्याबाई."

"का? येत नाही का तुला?" त्यांनी प्राध्यापकांकडून काठी घेतली आणि सुनेचा हात धरून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सुरू केलं. पहिल्याच ओळीला सूर इतका वर लागला की पुढे जाता येईना. मी अडखळले, कडवं चुकले, सासूच्या जागी नणंद आली.  अंगणभर बायका मी म्हटलं तसंच, चुकीचंच, माझ्यामागून म्हणत होत्या, आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज आत्याबाईंचा होता.